नाव काय? आधीचं? त्याच्या आधीचं?

"मृणाल अभिजित जाधव. अभिजित हे तुमचं मधलं नाव का?" इंग्लंडमधल्या आमच्या कौन्सिलच्या, म्हणजे स्थानिक प्रशासनाच्या, लायसन्सिंग ऑफिसातल्या बाईंनी माझा पासपोर्ट उघडा धरून विचारलं.

"नाही, ते नवऱ्याचं नाव."

"नवऱ्याचं नाव तुमच्या नावात?"

"हो. आमच्याकडे तसंच असतं."

"बरं. मग लग्नाआधी तुम्ही मृणाल जाधव होतात?"

"नाही, आडनाव शिंदे. मधलं नाव दत्तात्रय. ते वडिलांचं."

"म्हणजे मृणाल दत्तात्रय शिंदे."

"नाही," मी म्हटलं, आणि पुढे काय होणार ते कळून मलाच हसू यायला लागलं. "सुनीता दत्तात्रय शिंदे. मृणाल हे नाव लग्नात ठेवलं."

बाईंनी पेन खाली ठेवलं. नावातले तिन्ही शब्द बदललेली माणूसप्राणी त्यांच्या टेबलापाशी बहुधा पहिल्यांदाच आली असावी. फॉर्मवर 'जन्माच्या वेळचं आडनाव' असा एक रकाना होता आणि 'इतर नावं वापरली असल्यास कधीपासून कधीपर्यंत' असा दुसरा. २००३ साली साताऱ्यातल्या एका मंगल कार्यालयात, ताटातल्या तांदळात अंगठीने लिहिलेलं नाव नेमकं कधीपासून 'वापरात' आलं म्हणायचं? त्यानंतर वर्षभर तरी मला मृणाल म्हणून कुणी हाक मारली तर मी मागे वळूनही बघत नव्हते. अजूनही माहेरी गेले की मी सुनीच.

हा फॉर्म होता डीबीएसचा. इंग्लंडमध्ये लहान मुलांच्या किंवा परावलंबी माणसांच्या जवळ जाऊन काम करायचं असेल, तर 'डिस्क्लोजर अँड बारिंग सर्व्हिस' या सरकारी यंत्रणेकडून स्वतःची गुन्हेविषयक पार्श्वभूमी तपासून घ्यावी लागते. मला व्हीलचेअरवरच्या मुलांना शाळेत ने-आण करणारी गाडी चालवायची होती. अपंगत्वामुळे ज्यांना पायी शाळेत जाणं शक्य नसतं, अशा मुलांची फुकट ने-आण करणं ही इथे स्थानिक प्रशासनाची कायदेशीर जबाबदारी आहे. प्रशासन स्वतः क्वचितच गाड्या चालवतं, खाजगी कंपन्यांना कंत्राट देतं. अशाच एका कंपनीत माझ्या ओळखीची एक बाई होती. २०२३च्या जानेवारीत माझी गोदामातली नोकरी गेली तेव्हा ती म्हणाली, ये की आमच्याकडे, ड्रायव्हर मिळत नाहीत, सकाळी अडीच तास, दुपारी अडीच तास. मला वाटलं, लायसन्स आहे, बारा वर्षं इथल्या रस्त्यांवर गाडी चालवतेय, पंधरा दिवसांत कामावर. प्रत्यक्षात पहिली फेरी मारायला सप्टेंबर उजाडला.

(मी 'अपंग' लिहितेय, 'दिव्यांग' नाही. माझ्या धाकट्या भावाला लहानपणी पोलिओ झाला. तो म्हणतो, माझ्यात दिव्य काही नाही, एक पाय बारीक आहे एवढंच. त्याच्यापुढे दुसरा शब्द वापरायची माझी हिंमत नाही.)

आठ प्रवाशांपर्यंतची गाडी भाड्याने चालवायची तर कौन्सिलचं टॅक्सीवाल्यांचं लायसन्स लागतं, मग तुम्ही विमानतळाच्या फेऱ्या मारा नाहीतर शाळेच्या. त्यासाठी डॉक्टरांची तपासणी, तीही लॉरी आणि बसच्या चालकांना लावतात त्या निकषांवर. मग नियमांची लेखी परीक्षा, ड्रायव्हिंग लायसन्सची ऑनलाइन नोंद, काम करायचा हक्क असल्याचा पुरावा आणि मुलांच्या सुरक्षिततेचं प्रशिक्षण. हे सगळं कटकटीचं होतं, पण सरळ होतं. अडकले ते चारित्र्यात.

सुरुवातीला मला रागच आला होता. बायोमेट्रिकसाठी बोटांचे ठसे देण्यापासून सगळं आम्ही परदेशात आलेली माणसं निमूट करतो, पण 'तुमच्यावर आजवर ठेवला गेलेला प्रत्येक आरोप लिहा, कितीही जुना असो' हे वाक्य वाचल्यावर पोटात कसंतरी झालं. एरवी इथे जुन्या शिक्षा ठरावीक काळानंतर 'भोगून संपल्या' असं धरतात. १९७४चा तसा कायदाच आहे, नोकरी देणाऱ्याला त्या सांगाव्या लागत नाहीत. टॅक्सी चालवणाऱ्याला मात्र ही सवलत नाही. अभिजित म्हणाला, "चोर सोडून संन्याशाला फाशी. ज्याने काही केलंय तो कशाला फॉर्म भरेल?" मला ते पटलं होतं. शिवाय पगार असा काही डोळे दिपवणारा नव्हता की त्यासाठी स्वतःला आरोपीच्या पिंजऱ्यात उभं करावं.

भावाला फोन केला तेव्हा हेच बडबडत होते. म्हटलं, तुला शाळेत नेणाऱ्या रिक्षावाल्या काकांकडे कुणी कुठला कागद मागितला होता? आईने त्यांना ओट्यावर बसवलं, चहा दिला, "कुठले तुम्ही? कुणाचे?" एवढं विचारलं. त्यांनी गावाचं नाव सांगितलं, मामाचं नाव सांगितलं, आईच्या ओळखीतलं कुणीतरी त्यात निघालं, झाली पडताळणी. सात वर्षं त्या माणसाने तुला पायाला लावलेल्या कॅलिपरसकट उचलून वर्गात नेऊन बसवलं.

तो जरा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "ताई, काकांच्या आधी एक जण होता, आठवतो का?"

मला आठवत नव्हता.

"आठवडाभर आला असेल. मग मी जायचं नाही म्हणून रडून गोंधळ घातला. आईने मला फटके दिले, शाळेचा कंटाळा करतो म्हणून. तो मला सीटला बांधायचा ना टॉवेलने, पडू नये म्हणून, तेव्हा चिमटे काढायचा. मांडीला. बारीक पायाच्या. तिथे दुखतं का बघतो म्हणायचा आणि हसायचा."

"तू सांगितलं का नाहीस?"

"काय सांगणार? सगळे म्हणायचे, किती भला माणूस, अपंग पोराला सोडतो." थोडं थांबून म्हणाला, "त्यालाही आईने चहा दिला होता की ओट्यावर बसवून. तोही कुणाचा तरी होताच."

चाळीस वर्षांत हे तो पहिल्यांदा बोलला. त्या माणसाचं पुढे काय झालं, कुणालाच ठाऊक नाही. कुठे नोंद नाही म्हणजे कुठलाही कागद त्याला स्वच्छच म्हणणार, हेही त्याच रात्री लक्षात आलं. पण त्यानंतर माझी कुरकुर मात्र थांबली. दुसऱ्या दिवशी सगळी कागदपत्रं जेवणाच्या टेबलावर पसरली आणि नावांचा हिशोब लिहायला बसले.

हिशोब सोपा नव्हता. जन्मदाखल्यावर नावाची जागा कोरी, नुसतं 'स्त्री', पुढे वडिलांचं नाव. दहावीच्या मार्कलिस्टवर आडनाव आधी. लग्नाच्या दाखल्यावर जुनं नाव आणि नवीन नाव दोन्ही, हाच एक कागद असा की जो दोन बायकांची एक बाई करत होता. पासपोर्टवर पूर्ण नाव. इथल्या बँकेत फक्त 'एम ए जाधव'. विजेच्या बिलावर कुणीतरी टाइप करताना मृणालमधलं एक अक्षर गाळलेलं. ओळख पटवायला जे कागद द्यायचे, त्यांवर नाव आणि पत्ता तंतोतंत जुळायला हवा. म्हणून ते बिल बाद. शिवाय गेल्या ५ वर्षांचे सगळे पत्ते, मध्ये एकाही दिवसाची फट न ठेवता. आम्ही त्या ५ वर्षांत तीन घरं बदललेली, आणि दोन घरांच्या मध्ये अकरा दिवस अभिजितच्या मित्राकडे राहिलो होतो. ते अकरा दिवससुद्धा लिहावे लागले. मित्राला फोन करून त्याच्या घराचा पिनकोड विचारला तर तो म्हणाला, "मी तुला जामीन राहतोय का?"

या नावांच्या मागे एवढं का लागतात, ते कळलं प्रशिक्षणाच्या दिवशी. शिकवायला एक निवृत्त पोलीस होते. वर्गात आम्ही चौदा जण, निम्मे टॅक्सीवाले, बाकीचे माझ्यासारखे शाळेच्या गाडीवाले. मी मधल्या सुट्टीत त्यांना माझी नावांची कथा गंमत म्हणून सांगितली. ते हसले नाहीत. सुट्टी संपल्यावर त्यांनी सगळ्यांना सोहॅमची गोष्ट सांगितली.

२००२ सालचा ऑगस्ट. केंब्रिजशरमधल्या सोहॅम नावाच्या छोट्या गावात दहा-दहा वर्षांच्या दोन मुलींचा खून झाला. खुनी तिथल्याच शाळेचा केअरटेकर, इअन हंटली. त्याच्यावर आधी दुसऱ्या भागात, हंबरसाइडमध्ये, लैंगिक अत्याचाराचे एकापेक्षा जास्त आरोप झाले होते. शिक्षा कशातच झालेली नव्हती, त्यामुळे नोंदी नीट ठेवल्या गेल्या नव्हत्या. आणि नोकरीला अर्ज करताना त्याने आईचं माहेरचं आडनाव लावलं होतं, निक्सन. हंटली या नावानेही आपण ओळखले जातो हे कागदोपत्री आलेलं असूनही तपासणी झाली ती निक्सन या एकाच नावाची. निक्सन नावाच्या माणसाने काहीच केलेलं नव्हतं.

पुढे या सगळ्याची चौकशी झाली. २००४मध्ये सर मायकल बिचर्ड यांच्या समितीचा अहवाल आला आणि त्यातून आजची पद्धत हळूहळू उभी राहिली. ज्यांना मुलांजवळ किंवा परावलंबी प्रौढांजवळ काम करायला बंदी आहे, अशांच्या दोन याद्या आल्या. डीबीएस ही संस्था १ डिसेंबर २०१२ला आधीच्या दोन यंत्रणा एकत्र करून झाली. आणि 'एनहान्स्ड' म्हणजे सखोल तपासणीत नुसत्या शिक्षा बघत नाहीत. जिथे जिथे तुम्ही राहिलात तिथल्या पोलिसांना विचारतात की, शिक्षा झालेली नसली तरी या माणसाबद्दल सांगण्याजोगं काही तुमच्याकडे आहे का? सांगायचं की नाही, हे तिथला पोलीसप्रमुख ठरवतो.

मला तांदळातलं नाव आठवलं. नाव बदलणं आमच्यासाठी हौसेचा, रिवाजाचा भाग. आणि इथे एकाने आईचं आडनाव पांघरलं आणि त्याच्याआड दडून बसला. त्या दिवशी मी फॉर्मवर 'सुनी' हे घरचं नावसुद्धा लिहायला निघाले होते. कौन्सिलच्या बाईंनी थांबवलं. लाडाची नावं नकोत म्हणाल्या, नाहीतर टेबलाशी अख्खं बारसं होईल. म्हणजे असं त्या इंग्रजीत म्हणाल्या नाहीत, पण अर्थ तोच.

डीबीएसला ब्रिटनमधलंच दिसतं. आमच्या कौन्सिलचा नियम असा, की वयाच्या १८व्या वर्षानंतर परदेशात सलग ३ महिन्यांपेक्षा जास्त राहिला असाल तर त्या देशाचा चारित्र्याचा दाखला आणा. माझी तर अठरा ते एकतीस ही सगळी वर्षं महाराष्ट्रातच गेलेली. तेव्हा भारतीय उच्चायोगाकडे 'पोलीस क्लिअरन्स सर्टिफिकेट'साठी अर्ज. पासपोर्टवरचा पत्ता सासरचा, त्यामुळे चौकशी गेली साताऱ्याला.

एके दिवशी सकाळी सासूबाईंचा फोन. "मृणाल, तू काय केलंस तिकडे? पोलीस आलेत."

मागे हवालदारांचा आवाज येत होता, "काही नाही हो आजी, घाबरू नका, साधी चौकशी आहे."

सासूबाईंनी फोन तसाच चालू ठेवला, त्यामुळे ती चौकशी मी इंग्लंडमध्ये बसून ऐकली. सून कधीपासून परदेशात, मुलगा काय करतो, घर स्वतःचं का. मग हवालदारांनी विचारलं, "सूनबाईंवर काही केस वगैरे?"

"केस? चांगले कमरेपर्यंत होते हो," सासूबाई म्हणाल्या. "तिकडे जाऊन कापून टाकले."

हे त्या मुद्दाम बोलल्या की खरंच गैरसमज झाला, ते त्यांनी आजवर कबूल केलेलं नाही. शेजारच्या दोघांनी ओळखतो म्हणून सह्या केल्या. त्यातल्या एकांनी मला जन्मात तीनदा पाहिलं असेल. हवालदार चहा घेऊन गेले. काही आठवड्यांनी इथे दाखला हातात आला.

आता जरा लाजिरवाणा भाग.

कौन्सिलच्या फॉर्मवर एक प्रश्न होता, वाहतुकीचे गुन्हे, दंड, लायसन्सवर चढलेले दंडाचे पॉइंट, सगळं लिहा. मी लिहिलं, 'नाही'. अगदी सहज. आणि नोव्हेंबर २०१९मध्ये मी ताशी ३० मैलांच्या हद्दीत ३६ने गेले होते, कॅमेऱ्यात सापडले होते, १०० पौंड दंड आणि ३ पॉइंट. वेगमर्यादेचा वर्ग करून पॉइंट टाळता आले असते, पण त्याची मुदत मी विसरले. आणि पुढे हे सगळंच विसरले. आपण गुन्हा म्हणतो तेव्हा डोळ्यांसमोर चोऱ्यामाऱ्या येतात, दुपारी दोन वाजता रिकाम्या रस्त्यावर चाळीसच्या आतला काटा येत नाही.

पण ती नोंद लायसन्सवर ४ वर्षं राहते. ऑनलाइन तपासणीत ती बाईंना दिसली आणि मला बोलावणं आलं. या वेळी त्या एकट्या नव्हत्या, शेजारी त्यांचे साहेब.

"पॉइंट हा प्रश्न नाही," साहेब म्हणाले. "तेवढ्यावरून आम्ही कुणाला नाकारत नाही. तुम्ही ते लिहिलं का नाहीत, हा प्रश्न आहे."

मी म्हटलं, विसरले.

"तुम्ही मित्राच्या घरी काढलेले अकरा दिवस लिहिलेत. ते नाही विसरलात."

यावर काय बोलणार? कान गरम झाले. चाळिशी ओलांडलेल्या बाईला शाळेत मास्तरांपुढे उभं राहिल्यासारखं वाटलं. साहेबांनी समोरची एक पुस्तिका उघडली. जुलै २०२०मध्ये केंद्र सरकारच्या परिवहन खात्याने टॅक्सी लायसन्ससाठी जे निकष सर्व कौन्सिलांना घालून दिले, ती. त्यात अधिकाऱ्याने स्वतःला एक प्रश्न विचारायचा असतो. तुमच्या जिवाभावाच्या माणसाला, त्याची अवस्था काहीही असो, दिवसाच्या किंवा रात्रीच्या कुठल्याही वेळी, या ड्रायव्हरच्या गाडीत एकटं बसू द्याल का? उत्तर निम्मं 'हो', निम्मं 'नाही' असं असून चालत नाही. कोर्टात संशयाचा फायदा आरोपीला मिळतो. इथे अर्जदाराला मिळत नाही.

त्यांनी मला लेखी खुलासा द्यायला सांगितला. मी दिला, एक पान. पहिल्या मसुद्यात रस्ता रिकामा होता वगैरे लिहिलं होतं, ते अभिजितने खोडायला लावलं. "कशाला वकिली करतेस," म्हणाला, "विसरलीस, चुकलीस, एवढंच लिही." खुलासा स्वीकारला गेला, पण माझ्या फायलीत त्याची टीप राहिली, ती अजूनही आहे.

गंमत म्हणजे याच्या उलट माणूस मला त्याच वर्गात भेटला होता. पन्नाशीचा, दोन्ही हातांवर गोंदलेलं, बोलायला मऊ. चहा पिताना त्याने स्वतःहून सांगितलं की तरुणपणी दारूच्या भरात मारामारी केली होती, शिक्षा झाली होती. वीस वर्षं होऊन गेली. निकष असे आहेत की हिंसेच्या गुन्ह्यात शिक्षा पूर्ण झाल्यावर किमान १० वर्षं लायसन्स नाही. अप्रामाणिकपणाच्या गुन्ह्यात किंवा दारू पिऊन गाडी चालवल्यास ७ वर्षं. लैंगिक गुन्हा, माणसांचं शोषण किंवा कुणाच्या मृत्यूला कारण झालेला गुन्हा असेल तर कधीच नाही. या माणसाची मुदत उलटून गेली होती. त्याने पहिल्याच पानावर सगळं लिहिलं होतं, तारखेसकट, आणि सोबत तेव्हापासून आजपर्यंत कुठे काय काम केलं त्याची यादी. त्याचं लायसन्स माझ्याआधी आलं. मी त्याच्या शेजारी बसायचं टाळत होते, त्याच्या हातांकडे बघून. हे कुठल्या फॉर्मवर विचारलं नाही म्हणून लिहिलं नव्हतं, इथे लिहितेय.

व्हीलचेअर गाडीत कशी बांधायची, हे शिकायचा दिवस मात्र विसरणार नाही. शिकवणाऱ्या बाईंनी सांगितलं, आधी प्रत्येकाने खुर्चीत बसायचं. मी बसले. उतरत्या फळीवरून मला उलटं नाही, सरळ वर ढकललं, गाडीच्या तोंडाकडे तोंड करून उभं केलं. जमिनीत लांबट खाचा असलेल्या पट्ट्या असतात, त्यांत हुक अडकवायचे. चार जागी, दोन पुढून, दोन मागून, खुर्चीच्या सांगाड्याला, चाकाला नाही. मागचे पट्टे ताणले की खुर्ची एकदम घट्ट होते आणि आपण जागच्या जागी खिळतो. इथवर ठीक होतं. पण हे सगळे पट्टे खुर्चीला असतात, माणसाचा पट्टा वेगळा. तो बांधायला माझा सहशिक्षार्थी, एक तरुण पोरगा, माझ्या अंगावर वाकला. पट्टा हात टेकायच्या दांड्यांवरून घ्यायचा नाही, दांड्यांच्या आतून, थेट कमरेच्या हाडावर बसेल असा घ्यायचा. म्हणजे त्याचा हात माझ्या कमरेच्या एका बाजूने आत, दुसऱ्या बाजूने बाहेर. तो बिचारा लाजून घामाघूम झाला. त्याचं डोकं माझ्या हनुवटीपाशी. मी मागे सरकायला गेले, तर खुर्ची चार जागी बांधलेली.

"आता," बाई म्हणाल्या, "समजा तुम्हाला बोलता येत नाही."

गाडीत कुणी काही बोललं नाही. मला टॉवेल आठवला.

नंतर माझी पाळी आली तेव्हा बाईंनी शिकवल्याप्रमाणे आधी सांगितलं, मी आता तुझ्या उजव्या बाजूने हात घालतेय, आणि मगच हात घातला. साधी गोष्ट आहे. रोज सकाळी दोनदा, दुपारी दोनदा, प्रत्येक मुलाच्या इतक्या जवळ जायचं, आणि तेही त्याला हलता येत नसताना. माझी तेरा वर्षांची साताऱ्याची चौकशी, तीन घरं, दोन नावं, अकरा दिवस, सगळं त्या एका वाकण्यासाठी चाललं होतं.

डीबीएसचा अर्ज कुठे पोचला ते ऑनलाइन बघता येतं. पाच टप्पे असतात. अर्ज तपासला, राष्ट्रीय पोलीस संगणकावर शोधलं, बंदीच्या याद्यांत शोधलं, स्थानिक पोलिसांकडे पाठवलं, दाखला छापला. पहिले तीन टप्पे भराभर होतात. चौथा रेंगाळतो, कारण तुम्ही जितक्या पोलीस हद्दींत राहिलात तितक्यांकडून उत्तर यायला हवं. माझ्या तीन हद्दी. सात आठवडे मी रोज सकाळी चहाबरोबर चौथा टप्पा बघत होते. या काळात मनात काय काय येतं! २०१४ साली शेजाऱ्यांचं कडाक्याचं भांडण झालं होतं आणि पोलिसांनी आमचं दार वाजवून 'काही ऐकलंत का' विचारलं होतं, ते कुठे माझ्या नावावर तर नसेल? सुपरमार्केटात एकदा ट्रॉलीतल्या तळाच्या पिशवीचे पैसे द्यायचे राहिले होते आणि मी परत जाऊन दिले होते, ते? निरपराध माणसालासुद्धा सात आठवडे दिले तर तो स्वतःच्या विरुद्ध बऱ्यापैकी खटला उभा करू शकतो.

दाखला पोस्टाने येतो, फक्त अर्जदाराच्या घरी. कौन्सिलला प्रत जात नाही, आपण नेऊन दाखवायची. पाकीट दारातून पडलं तेव्हा मी ओट्याजवळ होते, हात कणकेचे. तसंच कोपराने उचलून टेबलावर ठेवलं, हात धुतले, मग उघडलं. पाच चौकटी, आणि प्रत्येकीत तेच शब्द, 'काही नोंद नाही'. वर माझं नाव. त्याखाली, 'इतर नावं: सुनीता दत्तात्रय शिंदे'. वीस वर्षांनी ते नाव असं छापील बघितलं. अभिजितला दाखवलं, तर तो म्हणाला, "ही कोण?"

पण दाखला म्हणजे त्या दिवशीचा फोटो. छापल्याच्या दुसऱ्या दिवशी मी काही केलं तर त्या कागदाला कळणार नाही. म्हणून ३० दिवसांच्या आत 'अपडेट सर्व्हिस'ला नाव घालायचं, तेव्हा वर्षाला १३ पौंड होते. मग कौन्सिल दर ६ महिन्यांनी ऑनलाइन बघते की काही नवीन आलंय का. त्याखेरीज देशभरातल्या कौन्सिलांची एक सामायिक नोंद आहे. एका गावात लायसन्स नाकारलं की शेजारच्या गावात जाऊन अर्ज करायचा, ही पळवाट बुजवायला. २०२२च्या कायद्याने इंग्लंडमध्ये ती वापरणं सक्तीचं केलं आणि २०२३ पासून ते लागू झालं. मी बाईंना विचारलं, माझी ती वेगाची टीप त्यात जाईल का? नाही म्हणाल्या, तिथे लायसन्स नाकारलेले, काढून घेतलेले जातात. मग पहिल्यांदाच हसून म्हणाल्या, "तुमचं नाव तिथे घालायचं झालं तर मला जागा पुरणार नाही."

बॅज मिळाला. हिरवट पट्टी, फोटो, क्रमांक, संपायची तारीख.

पहिल्या दिवशीची पहिली फेरी एका चौदा वर्षांच्या मुलाची. सोबत माझी मदतनीस, ती या कामात मुरलेली. दार उघडलं ते त्याच्या आईने. मी गुड मॉर्निंग म्हणेपर्यंत तिने माझ्या गळ्यातला बॅज हातात घेऊन उलटा केला, क्रमांक वाचला, मोबाइलवर त्याचा फोटो काढला, मग माझ्या तोंडाकडे बघितलं, मग पुन्हा बॅजवरच्या फोटोकडे. तीन महिन्यांपूर्वी मला हे झोंबलं असतं. आता मी नीट उजेडात उभी राहिले.

"डाव्या खांद्याला धरू नका," ती म्हणाली. "तिथे दुखतं त्याला. पण तो दुखल्यावर हसतो, म्हणून लोकांना वाटतं मजेत आहे."

मुलाला बोलता येत नाही. खुर्चीला समोर एक पाटीसारखा पडदा लावलेला, त्यावर चित्रं, डोळ्यांनी ज्याच्याकडे टक लावून बघेल ते चित्र बोलतं. आई म्हणाली, थांबा, तुमचं नाव घालू दे. म्हणजे त्याला हाक मारता येईल. तिने बॅजवर बघून टाइप केलं आणि पडद्यातून एका गोऱ्या बाईचा गंभीर आवाज आला, "म्रूऽनॉल."

"बरोबर आहे का?" तिने विचारलं.

बरोबर नव्हतं. सुनीता हे नाव त्या बाईला जमलं असतं, ओठांवर आलंही होतं. पण त्या नावापुढे मी स्वतःच्या सहीने 'वापर: २००३ पर्यंत' असं लिहून दिलं होतं.

"बरोबर आहे," मी म्हटलं.

मुलाने माझ्याकडे बघितलं, मग पडद्याकडे. फळीवरून वर चढवून, चार हुक लावून, सांगून सवरून पट्टा बांधून मी गाडी सुरू केली. कोपऱ्यावर वळेपर्यंत शांतता होती. मग मागून आवाज आला, म्रूऽनॉल. आणि पुन्हा, म्रूऽनॉल. मी आरशातून मदतनिसीला विचारलं, त्याचा डावा खांदा बघ, दुखत नाही ना? तिने वाकून बघितलं आणि म्हणाली, नाही, हे खरंच हसतंय. शाळेच्या फाटकापर्यंत त्याने मला एकोणीस वेळा हाक मारली.